एक वाटी म्हणजे दोनशे ग्रॅम

८ ऑक्टोबर, बुधवार
बायकोचा, प्रेमलताचा, उजवा हात प्लास्टरमध्ये. सोसायटीच्या दिवाळी पहाटेच्या चारशे चकल्या अकरा वर्षं तिच्याकडे असतात. सेक्रेटरी श्रीरंग येऊन म्हणाला, "काकूंना जमणार नसेल तर केटररला सांगतो. मग पुढच्या वर्षीपासून तोच." तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, भाजणी मी करतो. बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. चकली ती काय!

९ ऑक्टोबर
बायकोला प्रमाण विचारलं. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, एक पोहे, अर्धी धणे, थोडं जिरं. कोणती वाटी? तर म्हणे, "कुठलीही घ्या, सगळ्याला तीच घ्या." असल्या उत्तराला आमच्या कंपनीत मेमो मिळाला असता. घरात वाट्या नऊ, एकीचं माप दुसरीशी जुळत नाही. आमच्या आख्ख्या एव्हरशाईन सिटीत हीच परिस्थिती असणार. उद्यापासून सगळं ग्रॅममध्ये.

१० ऑक्टोबर, स. ११
डिजिटल काटा आला. एक वाटी तांदूळ भरले दोनशे ग्रॅम. म्हणजे एक वाटी = दोनशे ग्रॅम. बाकीच्या जिन्नसांची वाटी वेगळी तोलून बघायची गरज नाही, वाटी तीच आहे. पिढ्यान् पिढ्या बायकांना हे सुचलं नाही. मला चार मिनिटं लागली.

१२ ऑक्टोबर, रविवार
सहापट प्रमाण घेतलं. पोहे एक किलो दोनशे, धणे सहाशे ग्रॅम. पोह्यांचा परातीबाहेर ढीग. प्रेमलता म्हणाली, "अहो, लग्नाचा नाश्ता आहे का?" म्हटलं, डोळ्यांवर जाऊ नये, काट्यावर जावं. ती आत निघून गेली. पटलं.
सगळं भाजलं. बोट भाजलं, ते नोंदवत नाही.

१३ ऑक्टोबर
गिरणीवाल्या जितेशने पिशवीत नाक घातलं. "काका, मसाल्याची चक्की बाजूला आहे." चकलीची भाजणी आहे म्हटलं. "एवढे धणे? काकूंना विचारलंत का?" दळणाऱ्याने दळावं. दहा किलो भाजणी तयार.

१५ ऑक्टोबर
ट्रायल, अर्धा किलोची. पहिली चकली तेलात गेली ती परत दिसली नाही. तळाशी गाळ. दुसरीही तशीच. तेल भिकार. सोऱ्यासुद्धा जुनाट. प्रेमलताने गाळातला तुकडा चाखला आणि म्हणाली, "राहू द्या. मी बघते." एका हाताने काय बघणार?

१७ ऑक्टोबर
बाईसाहेब कालपासून समोरच्या बेलाकडे. जेवायला तेवढ्या येतात. साडीला तळणाचा वास. ऑर्डर डोक्यावर आणि यांच्या भजी पार्ट्या! संयम ठेवला. जबाबदारी शेवटी एकाच माणसाला कळते.

१८ ऑक्टोबर
"चकल्या झाल्या," एवढंच म्हणाली. चारशेच्या चारशे! तेल बदललं असणार. मी सांगतच होतो. भाषण लिहायला घेतलं, 'वाटीकडून ग्रॅमकडे'. सात मिनिटांचं. सोसायटीच्या डोक्याला तेवढंच झेपेल.

२० ऑक्टोबर, सोमवार
दिवाळी पहाट. चकली अप्रतिम. पाच खाल्ल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना पद्धत समजावली. ते चहा आणायला गेले, परत आले नाहीत. श्रीरंग माइकवर म्हणाला, "काकूंचा हात मोडला तरी चकल्या चुकल्या नाहीत, त्याचं श्रेय..." मी उठलो. "...स्वतः काकू आणि आपल्या बेला वहिनी! पुढच्या वर्षीही याच दोघी!" मी उभाच होतो. मग टाळ्या वाजवल्या.
घरी आल्यावर विचारलं, माझी भाजणी? "दिवाणाखाली आहे. आम्ही वाटीने नवी केली." मला सांगितलं का नाही? "सांगितलं असतं तर तोलायला आला असतात."

२१ ऑक्टोबर
प्रेमलताचा निर्णय : "धान्य टाकायचं नाही. थालीपिठं करून खा. मला नकोत."
शिल्लक साडेनऊ किलो. एका थालीपिठाला शंभर ग्रॅम. पंच्याण्णव थालीपिठं. रोज दोन. सत्तेचाळीस दिवस, वर एक.
पुन्हा मोजलं. बरोबर आहे.