कानापुढचं छिद्र

बाळकुम, ता. ४ मे १९५४

चि. रघुस ठमाबाईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत, निदान काल दुपारपर्यंत होतो. परकं अक्षर पाहून दचकू नकोस. माझी पत्रं तुझा भाऊ गोविंदा लिहितो, पण हे त्याच्यापासूनच लपवायचंय. म्हणून प्रभाकर मास्तरांना शपथ घालून बसवलंय. उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठव, तेच वाचून दाखवतील.

काल शीळला गोविंदाच्या नवरीच्या, तुळसाच्या, कानात बुगडी घालायला गेले. केस मागे सारले, तर कानापुढे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. सोनार चुकला वाटतं, म्हणून मी हसले. ती म्हणाली, जन्माचंच आहे, बाबांनाही आहे. तुझ्या आजोबांना होतं, बापाला आहे, तुम्हा दोघा भावांना आहे. माझं हसू तिथेच राहिलं.

माणूस आणि वानर एकाच पूर्वजाचे, असं तू कॉलेजात शिकतोस. वानराचं राहू दे, या पोरीचा पूर्वज कोण ते सांग. लग्न बारा दिवसांवर आलंय.

तुझी आजी (अंगठा)

डोंबिवली, ता. ७ मे

ति. आजीस शि. सा. न. वि. वि.

वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर आणि आपला हात, तिन्हींत हाडांची जुळणी एकच. म्हणून त्यांचं मूळ एक मानतात. पण तिथे कितीतरी खुणा एकमेकींना साक्ष देतात. तुझ्याकडे एकच आहे. असं छिद्र घराण्यात उतरतं हे खरं, पण दोन परक्या घरांतही आपापलं उपजू शकतं. एवढ्यावर आजोबांवर आळ घेऊ नकोस. तुळसाच्या आजीला, रंगूबाईंना, विचार. आणि लवकर विचार.

तुझा रघु

बाळकुम, ता. ११ मे

चि. रघुस आशीर्वाद.

रंगूबाईला एकटीला गाठलं. तरुणपणी ती आमच्याच मिठागरावर कामाला होती. छिद्राचं विचारलं. म्हणाली, "चाळीस वर्षांत तुझ्या दारात काही मागायला आले का मी?"

सोयरीक पुरुषांनी ठरवली, सांगायला हिचं तोंड उघडलं नाही. तुझे आजोबा वारले म्हणून वाचले.

तुळसाचा बाप त्यांचाच मुलगा, म्हणजे तुळसा तुमची चुलतबहीण. उद्या मी लग्न मोडते. म्हातारीने हट्टाने मोडलं, असंच गावात सांगायचं. पोरीला किंवा रंगूबाईला बोल लागला, तर माझ्याशी गाठ आहे.

हे पत्र गोविंदाच लिहितोय. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून त्याला लिहायला बसवलं. बहीण या शब्दापाशी त्याचा हात थांबला. मी घाई केली नाही. मग त्याने लिहिलं.

आम्हा दोघांवर माया राहू दे.

तुझी आजी (अंगठा)

रघु, शनिवारी ये. आजी दोन दिवस जेवलेली नाही.
गोविंदा