सुरजच्या डोक्याची खरी हकीकत

विहीणबाई तुळशीबाई यांना कोसबाडच्या पाड्यावरून बुधीचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही आधी विचाराल, म्हणून आधी तेच सांगते. फोनवर मी बोलते तेव्हा तुम्ही बोलता आणि तुम्ही बोलता तेव्हा मी बोलते, आणि शेवटी दोघींना एवढंच कळतं की समोरची अजून जिवंत आहे. कागदावर मला कोणी मध्ये तोडत नाही. चौथीपर्यंत शिकले त्याचा आजवर काही उपयोग झाला नव्हता, तो आज करते. अक्षर वाकडं आहे, पण दक्षा वाचून दाखवेल. (दक्षा, सावकाश वाच आणि मध्येच हसू नकोस. तुझी आई तुझ्या तोंडाकडे बघून किती रागवायचं ते ठरवते.)

तुमचा गुडघा कसा आहे? डहाणूच्या डॉक्टरने दिलेला पट्टा बांधता की खुंटीला टांगून ठेवलाय? व्याह्यांचा खोकला बिडी सोडल्याशिवाय जायचा नाही, हे त्यांना सांगा, पण मी म्हटलं असं सांगू नका. इकडे आमचे हे बरे आहेत. त्यांना काय होतंय. माझी वर्षा बरी आहे, अंगावर दूध चांगलं आहे. सुरज तर एकदम बरा. मान धरतो, हुंकार देतो, माणूस ओळखतो, माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतो म्हणजे ओळखतोच. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा की पोर बरं आहे. मी सांगणार आहे ते फक्त त्याच्या डोक्याचं, आणि तेसुद्धा वरच्या बाजूचं.

येत्या गुरुवारी तुम्ही मायलेकरांना न्यायला येणार. तुम्ही दारात उभ्या असताना सांगायचं म्हणजे मला जमणार नाही. मी रागाने सांगेन, माझं सगळं सांगणं तसंच निघतं. म्हणून हे आधी.

तुमचा नवस मला माहीत आहे. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात वर्षाचं जे झालं, त्यानंतर तुम्ही तसल्या गुडघ्याने महालक्ष्मीला गेलात आणि बोललात की घरात पोर खेळू दे, त्याचं पहिलं जावळ चैत्राच्या यात्रेत तुझ्या दारी उतरवीन. तोवर कात्री लागणार नाही. पोर झालं त्या दिवशी दवाखान्यातच तुम्ही मला हे तीनदा सांगितलंत. मी म्हटलं, एकदा सांगितलं तरी कळतं. तेव्हा मला वाटलं होतं की कळतं.

आता डोक्याचं. दुसरा महिना लागला तशी सुरजच्या टाळूवर पिवळी खपली धरायला लागली. आधी नखाएवढी, मग पोह्यासारखी, मग सगळ्या माथ्यावर, जसा तव्यावर भाकरीचा पापुद्रा राहतो तशी. खाज नाही, रडणं नाही, पोर मजेत. पण दिसायला वाईट. वर्षाने त्याला उपकेंद्रात नेलं. सिस्टर म्हणाली की पुष्कळ पोरांना होतं, घाणीने होत नाही, आईच्या खाण्याने होत नाही, आपोआप जातं. अंघोळीच्या आधी थोडं तेल चोळा, जरा वेळ राहू द्या, मऊ ब्रशाने हळू फिरवा आणि धुऊन टाका. नख लावू नका. महिना-दोन महिने धीर धरा.

विहीणबाई, ह्या सगळ्यातलं मला धीर धरा तेवढंच जमलं नाही. वाडीत चिकू पिकायला ठेवला तरी मी दिवसातून चार वेळा दाबून बघते. शेजारची रखमी रोज येऊन विचारायची, अजून गेलं नाही का, जसं काही ते माझ्याकडे जेवायला आलेलं पाहुणं आहे. तिने बेसन आणि दूध लावायला सांगितलं. ते लावलं, तर खपलीवर खपली झाली आणि पोराच्या डोक्याला भज्याचा वास यायला लागला. मग दही. दह्यावर मुंग्या आल्या. मग मी एकदा वर्षाची पाठ वळलेली बघून नखाने एक कड उचलली. खाली लाल झालं. वर्षाने बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पोर माझ्या मांडीवर देताना सुद्धा देवजींच्या हाताने दिलं. (देवजी म्हणजे आमचे हेच. नाव घ्यावं लागलं, वाक्य अडलं होतं.)

आणि तुमचा रोज फोन. टाळू भरली का, तेल किती घातलं, हात आखडू नका, तेल जास्त असलं की जावळ दाट येतं. मी तुम्हाला दोष देत नाही. पण जास्त हा शब्द तुमचा आहे, तो मी इथे लिहून ठेवते.

आता तुम्ही सायवनच्या, भात-नागलीतल्या. तुम्हाला चिकूच्या कामातलं माहीत नसणार. चिकू झाडावरून उतरवला की देठातून पांढरा चीक गळतो. दिवसभर निवडायला बसलं की बोटं एकमेकांना चिकटतात. साबणाने तो जात नाही, तेलानेच सुटतो. म्हणून आम्ही बायका जर्मनच्या एका वाटीत खोबरेल ठेवतो, त्यात हात चोळतो आणि उरलेलं तेल परत वाटीत निथळतो, उद्याला होतं म्हणून. आठ दिवस तीच वाटी. आठ दिवसांनी ते तेल राहत नाही, वर तेल दिसतं आणि खाली डिंक असतो. ती वाटी मी घरी आणून कोनाड्यात ठेवली होती. कोणी ठेवली असं विचारू नका, घरात वाटी कोनाड्यात ठेवणारी दुसरी कोण आहे.

गेल्या शुक्रवारी मी वाडीवरून आले. वर्षा पंपावर लंगोट धुवायला गेली होती. पोर जागं होतं, तेलाची बाटली रिकामी होती आणि कोनाड्यात भरलेली वाटी होती. मला वाटलं वर्षानेच काढून ठेवलंय. तुमचा जास्त हा शब्द आठवला. तळापासून बोटांनी खरवडून सगळं माथ्यावर घातलं, चांगलं चोळलं. चोळताना हाताला जड लागलं, मी म्हटलं थंडीने गोठलं असेल. (फाल्गुनात. मला कळतंय, सांगू नका.) आणि वारा लागू नये म्हणून वरून टोपी चढवली. दक्षाने विणलेली लाल टोपी, गोंड्याची.

दोन तासांनी वर्षा अंघोळीला पाणी काढून बसली आणि टोपी ओढली. टोपी आली नाही. तिने परत ओढली, तर टोपीबरोबर पोर आलं. (दक्षा, लोकर फार चांगली आहे तुझी, एक टाका सुटला नाही.) मग आम्ही नवीन तेल आणून घातलं, कोमट पाणी घातलं, परत तेल घातलं. हे बाजूला उभे राहून म्हणाले की टोपी राहू दे, मोठा झाला की काढेल. मी त्यांना गुरं बघायला पाठवलं. पोर ह्या सगळ्यात हसत होतं, एवढी माणसं एकदम कधी त्याच्याभोवती बसली नव्हती. संध्याकाळपर्यंत टोपी निघाली, पण लोकर डोक्यावरच राहिली. माथ्यावर चीक, त्यात खपली, त्यात लाल लोकर, आणि त्या सगळ्यात तुमच्या नवसाचं जावळ. फणी जाईना, पाणी जाईना. दोन दिवस तेल लावून बघितलं. लोकरीचा लाल रंग पाघळायला लागला, एवढाच फरक.

रविवारी तुमचा मुकेश बायको-पोराला भेटायला आला होता, तो बाजूला बसला होता. मी कात्री घेतली आणि माथ्यावरचं ते झाकण केसांसकट कापून काढलं. माझी चूक, माझा हात. वर्षाचं ह्यात काही नाही. कापलेले केस एका फडक्यात बांधून देवाजवळ ठेवले आहेत, लोकर आहे त्यात, ती देवी बाजूला काढेल.

आणि मागचे आणि बाजूचे केस मी राखले आहेत. तिथे चीक गेला नव्हता. रखमी म्हणाली, सारखं तरी करून टाका, कसं दिसतं ते पोर. मी म्हटलं दिसू दे. जे शिल्लक आहे ते पहिलंच जावळ आहे, ते देवीचं आहे, त्याला मी हात लावू देणार नाही. तर आता सुरज वरून मोकळा आहे आणि कानांपासून मानेपर्यंत झालर आहे. पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तरांसारखा दिसतो. हे रोज सकाळी त्याला गुरुजी म्हणून नमस्कार करतात. पाड्यावरची माणसं पाणी मागायच्या निमित्ताने येऊन बघून जातात.

सोमवारी परत उपकेंद्रात नेलं. माथा स्वच्छ आहे, खपली सगळी गेली, कातडी गुलाबी. मी म्हटलं, गेली की नाही. सिस्टरने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काकी, तुम्ही काहीच केलं नसतं तरी ती ह्या आठवड्यात गेलीच असती." मी न भांडता पोर उचललं आणि घरी आले. आयुष्यात असं क्वचित होतं.

तर ही हकीकत. मी कोणापुढे हात जोडत नाही, तुम्हाला माहीत आहे, पण इथे जोडते. मला वाटेल ते बोला, मी ऐकेन, निदान अर्धं तरी ऐकेन. व्याह्यांना नमस्कार, दक्षाला आशीर्वाद.

तुमची विहीण,
बुधी

ता. क. कात्रीचं मी वर लिहिलं ते खोटं आहे. पोराचे केस तुमच्या मुकेशने कापले, दाढीच्या मशीनने. मी त्याच्या हातातून मशीन ओढलं नसतं तर त्याने झालरही काढली असती, सारखं करतो म्हणत होता. तुम्हाला सांगू नका म्हणून जावई माझ्या पाया पडला, आणि मीही सांगणार नाही म्हटलं. पण ते तोंडाने सांगणार नाही असं ठरलं होतं, लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं. आणि देवीच्या गोष्टीत खोटं लिहून तुमच्याकडे पाठवायचं, ते माझ्याने होईना. त्याला फार बोलू नका. चीक माझा होता. त्याने मशीन बंद केलं आणि तिथेच बसून रडला, एवढा मोठा माणूस.

ता. क. दुसरं. दक्षा, वरचं मोठ्याने वाचायच्या आधी तू एकटीने वाचायचं होतं. हे वर लिहायला हवं होतं, राहून गेलं.

ता. क. तिसरं, आणि पत्र खरं ह्याच्यासाठीच होतं. वर्षा घाबरली आहे. केस पडले त्या दिवसापासून ती पोराला खाली ठेवत नाही. झोपलं तरी नाकाशी बोट धरून श्वास बघते. मी म्हटलं देवी काय एवढ्या तेवढ्याने रागावते. ती म्हणाली, "आई, मागच्या वेळी पण सगळं चांगलंच चाललं होतं." नवस माझा नाही, मी कितीही सांगितलं तरी ते आईचं सांगणं. नवस तुमचा आहे, तुम्ही पायरीवर उभ्या राहून बोललात. ती तुमच्या तोंडाकडे बघणार आहे. गुरुवारी तुम्ही उंबऱ्यात आलात आणि गप्प राहिलात, तर ती समजेल की काहीतरी होणार, आणि चैत्रापर्यंत ती जेवायची नाही.

म्हणून एवढं करा. आत आलात की आधी पोराकडे बघून हसा. खोटं हसायला नको, ते डोकं बघून हसू येणारच आहे, ते फक्त दाबू नका. वर्षाने तुम्हाला हसताना बघू दे. मग मला काय बोलायचं ते बोला. मी मागच्या दारी भांडी घासत बसलेली असेन, हाक मारायची गरज नाही, तिथे सगळं ऐकू येतं.