आप्पांचा वरच राहिलेला हात

लातूर, मंगळवार, ३ मे १९८३

आज पुन्हा तेच. मुंबईहून मागवलेली फ्री जॅझची, म्हणजे ठरलेला ताल नसलेल्या जॅझची, नवी तबकडी हौसेनं लावली. ऐकायला शेजारचे शिवलिंगआप्पा. कापडदुकान सांभाळून भजनात तबला वाजवणारा माणूस! दोन सॅक्सोफोन एकदम किंचाळायला लागले तसे आप्पा बोटांवर मात्रा मोजायला लागले. समेवर टाळी द्यायला हात उचलला, तो वरच राहिला. बाजू संपली, मी सुई उचलली, तरी हात वरच.

"राजाभाऊ, सम आलीच न्हाई की! लातूर आता जिल्हा झालाय. गल्लीत साहेब लोक राहायला आलेत. असलं रानटी लावत जाऊ नका."

जिल्हा झाला म्हणून मी कान बदलायचे? राग आला. उगाच आला का? न्हाई, बरोबर आला.

"आप्पा, गेल्या साली पाऊस कुठं आला? तरी दुकानाच्या पायरीवरून रोज आभाळाकडं बघताच की. मग समेची वाट बघायला काय जातंय?"

आप्पांचा हात अजून खाली आला नव्हता.

मी तबकडी उलटली, आवाज वाढवला, साहेबांच्या बाजूची खिडकी सताड उघडली. वळून बघतो तर आप्पांच्या दुसऱ्या हाताचा अंगठा पुन्हा पहिल्या बोटावर.