घरात कोणी नाही

पिनर, लंडन, १२ जानेवारी

प्रिय आई,

पायांवर डोकं ठेवते. मोजे काढू नकोस, नाशिकलाही थंडी असेल.

आमच्याकडे नवा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला. घरात माणूस असेल तरच हीटिंग चालू राहतं, आणि माणूस आहे की नाही ते तो फोनवरून ओळखतो. नकुलने स्वतःचा आणि मायराचा फोन जोडला. सकाळी ते दोघं बाहेर पडले की तासाभरात घर गार होतं. मी घरूनच काम करते, तुला माहीत आहे.

माझाही जोड म्हटलं, तर हसून म्हणाला, "तुझ्या एकटीसाठी अख्खं घर तापवायचं?" मंगळवारी मीच थर्मोस्टॅटची भिंतीवरची चकती फिरवली. पाच मिनिटांत ऑफिसातून त्याचा मेसेज आला, "हात लावू नकोस." पाठोपाठ हीटिंग बंद झालं. मायरा म्हणते, "आई, ब्लँकेट घे ना, सिंपल आहे."

काळजी नको. दोन स्वेटरांत छान भागतं. तुझे गुडघे कसे आहेत?

तू पुढच्या महिन्यात येणार, हे त्याला सांगितलं. म्हणाला, "येऊ देत की आई. सेटिंग मात्र बदलणार नाही."

यंदा येऊ नकोस. दादाला सांग, ऋजुताला रजा मिळत नाही.

तुझी, खुशाल असलेली,
ऋजुता