दोरी जरा दमट होती

१८ जुलै
बाबा एकदा म्हणाले होते, "तुइया, तुझ्या हातून सगळं होईल, फक्त वाट बघणं होणार नाही." तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि क्रेफिशसाठी, म्हणजे तळ्यातल्या नांगीवाल्या झिंग्यांसाठी, पाण्यात सोडलेला पिंजरा दर पाच मिनिटांनी उचलून बघत होते. आता सेहेचाळीस. विमा कंपनीत क्लेम विभागाची प्रमुख. लोकांना वाट बघायला लावणं हेच माझं काम, तेव्हा त्यातलं मला थोडंफार कळतं म्हणायला हरकत नाही.
संकल्प: यंदा तळ्याकाठच्या घरी क्रेफिशची पार्टी. बाबा गेल्यानंतरची पहिली. २० ऑगस्ट. बारा माणसं, बॉसबाई धरून. एकूण एक क्रेफिश आपल्या तळ्यातला. सगळं सावकाश करायचं.

१९ जुलै
माळ्यावर बाबांचे पिंजरे सापडले. आठच. एवढ्यात बारा माणसांचं काय होणार? समोरच्या काठावरचे आर्वो काका म्हणाले, "तळं देईल तेवढ्यात भागव, पोरी. उरलेल्यांना बटाटे वाढ."
बॉसबाईंना बटाटे.
ऐकून घेतलं. त्यांचा अधिकार आहे. माझ्या जन्माआधी रोग येऊन आमचं तळं पार रिकामं झालं होतं. मग बाबांनी आणि काकांनी लांबच्या नदीवरून क्रेफिश आणले, ओल्या शेवाळात गुंडाळून, गाडीच्या डिकीतून, वर्षामागून वर्षं. पुन्हा पकडण्याजोगे झाले तेव्हा मी शाळेत जायला लागले होते.
ऑफिसातल्या मेर्वीला फोन केला. तिच्याकडे पंधरा पिंजरे नुसते पडून आहेत.

२० जुलै
पिंजरे आणले. मेर्वी म्हणाली, "नीट तापव हं. विसरशील." तिच्या तलावात अमेरिकन जात आहे, नांगीवर पांढरा ठिपका असलेली. ती जात रोग अंगावर वागवते आणि मजेत जगते. आमच्या जातीला तो लागला की संपलं. मी म्हटलं, मी विसरत नसते.
विसरलेही नाही. पिंजरे सौनात, वाफेच्या खोलीत, ठेवून पाच-सहा तास कडक तापवायचे, म्हणजे ओलीत लपलेला रोग मरतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. दुपारी विजेचा दर फार होता (अॅपवर पाहिलं), म्हणून संध्याकाळी सौना लावला. तेवढ्यात माझा भाऊ लासे पोरांसकट हजर. सगळे तळ्यात डुंबून कुडकुडत होते. म्हणे, "ताई, पिंजऱ्यांना वाफ आणि सख्ख्या भावाला थंडी? बाबांच्या मृत्युपत्रात असं काही वाचल्याचं आठवत नाही."
पिंजरे बाहेर काढले. पाऊण तास झाला होता. हाताला कोरडे लागले. दोरी जरा दमट होती. दोरी म्हणजे काही पिंजरा नव्हे.

२१ जुलै
दुपारी बाराला हंगाम उघडला. बारा वाजून एक मिनिटाला माझे पिंजरे पाण्यात.
आर्वो काका होडी वल्हवत आले. एवढे कुठून काढलेस? माळ्यावर होते, म्हटलं. सगळे तुझ्या बाबाचे? सगळे.
अगदीच खोटं नाही. आठ होतेच.
काका खूश. "कंजूष लेकाचा. मला जन्मभर आठच दाखवले."

२२ जुलै, सकाळ
बादली भरून वाहिली. लहान होते ते परत सोडले. बाकीचे धक्क्याखालच्या भोकांच्या पेटीत, पार्टीपर्यंत. एकाने अंगठा असा पकडला की डोळ्यांत पाणी आलं. बाबा असते तर हसले असते.
मेर्वीला केक नेऊन द्यायचा.

३ ऑगस्ट
आज तीनच. परवा अकरा होते. चांदण्यात ते बाहेर पडत नाहीत, हे मला माहीत आहे. रात्री ढग होते, पण ढगांच्या वर चांदणं असणारच.

९ ऑगस्ट
भर दुपारी एक क्रेफिश धक्क्याजवळ फिरताना दिसला. एरवी हे दिवसभर दगडाखाली दडून बसतात. हा पाय ताठ करून, टोकांवर चालत होता, उंच टाचांचे बूट घालून खडीवरून निघालेल्या बाईसारखा. धीट झालेत. निसर्ग बदलतो आहे, आपणही मन मोकळं ठेवायला हवं.
लासे म्हणाला, "ताई, याची तब्येत बरी दिसत नाही." मी त्याला आठवण करून दिली की तो टायर विकतो.

१० ऑगस्ट
तो उताणा पडलेला सापडला. काठाला आणखी चार. उन्हाळा फार झाला, पाणी तापलंय, दुसरं काय. पाचही फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले. वर 'ब्लूबेरी' असं लिहिलं. पोरं घाबरतील म्हणून. पोरं कालच घरी गेली आहेत.

१२ ऑगस्ट
पेटीबद्दल आज लिहीत नाही.

१३ ऑगस्ट
पेटीतले सगळे मेले.
पार्टी रद्द करावी तर कारण सांगावं लागणार. शिवाय बॉसबाईंनी फोन करून सांगितलं, पार्टीत म्हणायची दोन गाणी त्यांनी पाठ केली आहेत.
ब्लूबेरीचं एक पुडकं तपासणीला पाठवलं. केवळ मनाच्या समाधानासाठी. संशयित कारण या रकान्यात 'उष्णता' लिहिलं.

१९ ऑगस्ट
लाहती शहराच्या बाजारातून जिवंत क्रेफिश आणले. ठिपकेवाले. ज्या डब्यात आणले तो धुतलेलं पाणी उचलून पार जंगलात, रस्त्यापलीकडे नेऊन ओतलं. हात कोपरापर्यंत दोनदा धुतले. मी निष्काळजी नाही, हे यावरून कुणालाही दिसेल.
अंगणात मोठं पातेलं. पाणी, भरपूर मीठ, चिमूटभर साखर, फुलांवर आलेल्या शेपूच्या जुड्या. पाणी खळखळलं की एकेक घ्यायचा, डोकं खाली करून सोडायचा, पुन्हा उकळी येऊ द्यायची, मग पुढचा. बाबा हे करताना कुणाशी बोलत नसत. मीही बोलले नाही. बोलायला कुणी नव्हतंही. रात्रभर त्याच पाण्यात मुरायला ठेवले.
उकळल्यावर ठिपका जाईल असं वाटलं होतं. पुसट होतो. जात नाही.

२० ऑगस्ट
प्रत्येक ताटलीत नांग्या आत वळवून वर शेपू घातला. सजावट.
बॉसबाईंनी दोन्ही गाणी म्हटली. पहिलं लोकांना आवडलं.
आर्वो काका लग्नाचा कोट घालून आले. त्यांच्या डोळ्यांवर आता पडदा आलाय. गळ्यात फडकं बांधलं, एक नांगी फोडली, चोखली, खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "हा आपल्या तळ्याचा गोडवा. दुसरीकडे कुठे मिळायचा नाही. आज तुझा बाप हवा होता." आणि त्याच फडक्याने डोळे पुसले.
मी म्हटलं, अजून घ्या ना काका.
त्यांनी घेतले. मी ताटलीत आणखी शेपू वाढला.
लासेने माझ्याकडे बघितलं, मग ताटलीकडे. स्वयंपाकघरात येऊन एवढंच म्हणाला, "ताई, शेपू जरा जास्त झालाय."

२४ ऑगस्ट
तपासणीचं उत्तर आलं. तोच रोग.
तीन वेळा वाचलं. असे कागद मी रोज वाचते. यात वाद घालायला जागा नाही. ऑफिसात असते तर समासात 'निष्काळजीपणा, भरपाई नाही' असं लिहून पुढचा कागद घेतला असता.

२५ ऑगस्ट
काकांकडे गेले. ते होडीला डांबर लावत होते. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मेर्वीचे पिंजरे, सौना, दमट दोरी, माळ्याचं खोटं.
काका डांबर लावत राहिले. मग विचारलं, "म्हणजे पार्टीत मी खाल्ले ते?"
बाजारातले, म्हटलं.
"चांगले होते," काका म्हणाले.
ब्रश डब्यात ठेवला. म्हणाले, "त्या गाडीच्या डिकीचा वास कधी गेला नाही. तुझी आई त्या गाडीत बसायची नाही. चर्चला चालत जायची."
मग आत गेले. दार लावलं. इथे दिवसा कुणी दार लावत नाही.

६ सप्टेंबर
काठावर आता काहीच दिसत नाही, मेलेलंही नाही. मेर्वीला केक दिला. तिने विचारलं, पार्टी कशी झाली? गाणी छान झाली, म्हटलं. मग तिलाही सांगून टाकलं. तिने केक परत दिला नाही, पण माझ्यासमोर कापलाही नाही.
लासे चौकशी करून आला. तळं काही वर्षं तसंच रिकामं ठेवायचं. मग बंद पिंजऱ्यात थोडे निरोगी क्रेफिश पाण्यात सोडायचे आणि ते जगतात का ते बघायचं. जगले तरच पुढचं. तोवर कुणीतरी रोज जायचं, पिंजरा वर उचलायचा नाही, हात लावायचा नाही, होडीतून वाकून नुसतं बघायचं आणि परत यायचं. लासे म्हणाला, आर्वो काकांनी आपलं नाव दिलंय. त्यांना ब्याऐंशी पूर्ण झाली. वाकून त्यांना काय दिसणार, हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नाही.
उद्या जाणार आहे. दार लावलेलं असेल. नाही म्हणतील. त्यांच्या जागी मी असते तर माझ्या हातात साधी दोरीही दिली नसती. तरी बाहेरूनच विचारणार आहे: काका, वाट बघायचं काम मला द्या.