साखळीतला माझा डावा हात

सर, सध्या आपल्याकडे एका यादीवरून नुसता गदारोळ चाललाय आणि लोकांनी त्यात मला पंच नेमलंय. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता. कुणीतरी मोबाईलवर एक पान चालवतं आणि जिल्ह्यातल्या शाळकरी कबड्डीपटू मुलींची क्रमवारी लावतं. नावापुढे चांदण्या, कुणाला पाच, कुणाला तीन. वरच्या मुलींना अकादमीवाले येऊन बघतात, राहण्या-खाण्याची सोय करून घेऊन जातात, त्यामुळे यादी लागली की पोरींच्या घरी दहावीचा निकाल लागल्यासारखी धडधड. आमचा कबड्डीवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यात किराणा दुकानदार, टेम्पोवाले, गुडघे गेलेले जुने खेळाडू, सगळे तज्ज्ञ. एक जण म्हणतो, "राहात्याकडं मॅट हाय, कॅमेरा हाय, म्हनून तिकडच्या पोरी वर. आमच्या मातीतल्या पोरींचा व्हिडिओ कोन काढतंय?" दुसरा लगेच, "रडू नका, पॉइंट काढा." तिसऱ्याचं म्हणणं, मातीतला एक पॉइंट मॅटवरच्या दोनाबरोबर धरायचा. तीन दिवस हे चाललं. शेवटी कुणीतरी लिहिलं, "मॅडमना इचारा, त्या जिल्ह्याला खेळल्यात, आता पोरींना शिकवत्यात." मी लिहिलं, सर्वच मुली गुणी आहेत. इतकं गुळमुळीत वाक्य तुमच्यासमोर बोलले असते, तर तुम्ही मला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या.

त्यावर तिचा आवाज आला. ती लिहीत नाही, बोलून पाठवते. तुमच्या संघाचा डावा कोपरा सांभाळणारी, सर. माझी जोडीदारीण. ती त्या ग्रुपमध्ये आहे हेच मला माहीत नव्हतं. तिची मुलगी शेवगावकडच्या एका शाळेत आईच्याच जागेवर खेळते, आणि यादीत तिचं नावच नाही. "ज्यानं यादी केली त्यानं गडी कोनी बाद केला त्येवढंच मोजलंय," ती म्हणत होती. "पाय धरनारीचा हात मागनं कोन धरून हुतं, त्ये कुटं लिहिलंय? साखळीचा पॉइंट एकीच्याच नावावर पडतो व्हय?" आवाज जाड झालाय तिचा. बोलण्याची धाटणी तीच, दम न सोडता सगळं एका श्वासात. तिचं पुढचं एक वाक्य आहे, पण ते सांगण्याआधी मला तुमच्या स्वयंपाकघरात जायला हवं.

रविवार होता. तुम्ही आम्हा दोघींना घरी बोलावलंत आणि तिचा उजवा हात माझ्या डाव्या हाताला तुमच्या रुमालानं मनगटाशी बांधलात. "साखळी ग्राउंडवर शिकता येत न्हाई. आज दिवसभर अशाच राव्हा, काकूंची समदी कामं करा." काकू हसून हसून बेजार. आम्ही दोघी तांदूळ निवडतोय, भांडी घासतोय, एकीला पाणी प्यायचं तर दुसरीनं उठायचं. जेवताना खरी पंचाईत, कारण तिचा जेवायचा हातच बांधलेला. तिनं घास उचलला की माझा डावा हात तिच्या तोंडापर्यंत जातोय. ती दर वेळी थांबून माझ्याकडे बघतेय, हात ओढला जात नाही ना म्हणून. मला मात्र कंटाळा आला आणि मी केस मागे सारायला हिसका दिला. आमटी तिच्या फ्रॉकवर सांडली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माझंच चुकलं." त्याच दुपारी तिचे वडील दारात येऊन बसले होते. दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड ऊसतोडीला निघणार होतं आणि पोरीलाही न्यायचं होतं. तुम्ही त्यांना म्हणालात, "जिल्ह्याच्या शिबिराला आपल्या शाळेतनं एकच नाव पाठवायचं हाय. हिचं गेलं तर हिला कारखान्यावर न्यायची न्हाई. हितंच ऱ्हाईल, माझ्या घरी." ते पायाच्या नखांकडे बघतच हो म्हणाले. हे मी ऐकलं होतं, सर. रुमालानं बांधलेली तिच्याच शेजारी उभी होते. माझ्या घरचं तसं काही नव्हतं. आमच्या विहिरीला पाणी होतं, माझी शाळा कशानंच सुटणार नव्हती. निघताना तुम्ही गुडघ्याला घालायच्या पट्ट्यांची नवी जोडी काढून एकेक पट्टी दोघींना दिलीत. "जोडी हाय तुमी," म्हणालात.

मग नेवाशाची फायनल. शेवटची चढाई त्यांची, गुण बरोबरीत. त्यांची उंच पोरगी आत आली, बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकायला वाकली आणि माझी जोडीदारीण तुमच्या शिकवणीप्रमाणे तिच्या घोट्यावर झेपावली. पकड अचूक बसली होती. तिचा उजवा हात माझ्या डाव्यात होता, तो घट्ट धरून मागे खेचायचं आणि मग अंगावर पडायचं, एवढंच माझं काम होतं. शंभरदा केलेलं. त्या क्षणी मला दिसलं की ही पकड तिच्या नावावर जाणार, लोक तिच्यासाठी ओरडणार आणि तुम्ही कागदावर तिचं नाव लिहिणार. मी बोटं सैल केली. विचार वगैरे केला नाही असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, पण केला होता. त्या पोरीनं तिला तसंच फरफटत मध्यरेषेपर्यंत नेलं आणि आपण हरलो. तुम्ही आम्हाला बाजूला घेतलंत, चेहरा लालबुंद. मला विचारलंत, "हात कुनी सोडला?" मी म्हणाले, "सुटला, सर. ती एकदम पुढं गेली." त्यात खोटं धरायचं तर एवढासा फरक होता, सोडला आणि सुटला. तुम्ही तिच्याकडे वळलात. "साखळी मोडून एकटीनं भाव खायला गेलतीस व्हय?" तिच्या कोपराला रक्त होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही, पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून. मी बोलले नाही. मग तिनं मान खाली घातली.

शिबिराला माझं नाव गेलं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात दुसरी पट्टीही ठेवलीत, तिच्याकडून परत मागून आणलेली. धुऊन दिली होती तिनं. मी दोन्ही पट्ट्या गुडघ्यांवर चढवून खेळले, सर, चांगली खेळले, आणि त्या खेळावरच पुढे मला ही नोकरी लागली. ती दिवाळीनंतर वडिलांबरोबर कोयता घेऊन गेली. गुढीपाडव्याला परत आली तेव्हा शाळेत आली नाही. तुम्ही तिच्या घरी एकदा जाऊन आला होतात असं काकू म्हणाल्या, पण काय बोलणं झालं ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी भेटायला आले होते. तुम्हाला चहात बिस्कीट बुडवून भरवत होते. तुम्ही मध्येच म्हणालात, "तुझ्या जोडीदारनीचं वाईट वाटतं गं. लई गुनाची हुती, पन घाई केली तिनं." घरात आपण दोघंच होतो. तोंड उघडायला तेवढी जागा पुरेशी होती. मी म्हणाले, "सर, चहा गार होतोय." महिन्याभरात तुम्ही गेलात, एका गुणी पोरीला उतावळी समजत. आयुष्यात मला अनेक गोष्टींची लाज वाटली, पण त्या चहाच्या वाक्याइतकी कशाची नाही.

आता तिचं ते पुढचं वाक्य. यादीवर बोलून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडमना इचारा. साखळीतला हात काय असतो त्ये त्यांच्याइतकं कुनाला म्हाईत न्हाई. मॅडमचा डावा हात माझ्या हातात असायचा." एवढंच. पूर्वी मला अगं-तुगं करायची, आता मॅडम. ग्रुपवर सगळ्यांना ते माझं कौतुक वाटलं. धडाधड अंगठे पडले, कुणी टाळ्या पाठवल्या, आणि लोक पुन्हा मॅट आणि मातीवर भांडायला लागले. ती खरंच कौतुक करत होती का, तेही मला कळत नाही. तिला खोचक बोलता यायचं नाही. अजूनही येत नसेल तर ते जास्तच वाईट.

काल मी त्या यादीवाल्याला कळवलं की पकडीत मागून हात धरणारीचं नावही लिहीत जा. त्यानं उत्तर दिलं, मॅडम, व्हिडिओत ते दिसत नाही. बरोबरच आहे त्याचं. तुम्ही तर दहा हातांवर उभे होतात, तुम्हालाही दिसलं नव्हतं.

हे सगळं तुम्हाला पाठवता येणार नाही, आणि खरं सांगते, म्हणूनच ते लिहून झालं. तिचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. तिच्या गावाला शेवगावच्या स्टँडवरून जीप जाते. तिला मात्र मी अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही. तिच्या त्या बोलण्याखाली, बाकीच्यांसारखाच, एक अंगठा देऊन ठेवलाय.