रामबुतानला कोंब आले

अहो,
तुम्ही रानात गेल्यावर माठाजवळचा डबा उघडला, तर त्या लिचीसारख्या रामबुतान फळाच्या बियांना कोंब आलेत. बिया वाळक्या दिसल्या, ऑनलाइनवाल्यानं फसवलं म्हणून तुम्ही त्या उकिरड्यावर फेकल्या, तेव्हा मी गुपचूप वेचून ओल्या भुशात ठेवल्या होत्या. सांगितलं न्हाई, कारण कोंब आलेच नसते, तर पुन्हा तुमचं तोंड उतरलेलं बघवलं नसतं.

मी भूमच्या बाजारात रोपांवर सावलीला हिरवी जाळी आणायला गेलेय. डबा उन्हात नेऊ नका. भाकरी झाकून ठेवलीय, आज तरी पोटभर जेवा. आणि भाऊजी त्या दिवशी बियांवरून हसले म्हणून तुम्ही बोलणं टाकलंय, तर आधी त्यांनाच हाक मारून कोंब दाखवा. रोपं लावायला खड्डे दोघांनी मिळूनच घ्यायचेत.

दीपाली